गुळवेलीवरची अळी, संत्र्यावरचा पतंग

विदर्भात आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) संत्री पिकू लागली की बागायतदारांना फळातील रस शोषणाऱ्या पतंगाची धास्ती वाटू लागते. परंतु ही कीड बागेत जन्मत नाही आणि तेथे वाढतही नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचा बंदोबस्त होणे कठीण आहे.

बहुतेक किडींमध्ये पिकाचे नुकसान अळी करते. या रस शोषणाऱ्या, युडोसिमा प्रजातीच्या पतंगांत मात्र हे उलट आहे. मादी बांधावरच्या किंवा कुंपणावरच्या गुळवेलीच्या, वासनवेलीच्या पानांवर अंडी घालते, तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि त्या याच वेलींवर पोसल्या जातात. संत्र्याच्या पानाला त्या तोंडही लावत नाहीत. मोठी झालेली अळी निवांतपणे पाहण्याजोगी असते. तिच्या काळपट, मखमली अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दोन-दोन मोठे ठिपके असतात आणि डिवचली की ती डोके आत वळवून मागचा भाग उंच उचलते, त्यामुळे ते खोटे डोळेच समोर येतात. पक्ष्यांना बिचकवण्यासाठीच हा देखावा असावा. दोन-तीन आठवड्यांनी ती पाने धाग्यांनी जोडून आत कोषात जाते.

बसलेला पतंग वाळक्या पानासारखा दिसतो. पुढचे पंख बाजूला झाले की मागच्या पंखांचा नारिंगी रंग दिसतो. जात तेथेच ओळखावी. मटेर्ना जातीत या पंखाच्या मध्यावर गोल काळा ठिपका असतो, तर फॅलोनियात त्याच जागी स्वल्पविरामासारखा वाकडा, जाड डाग असतो. पुढच्या पंखांवर विसंबू नये, कारण नर व मादी यांची नक्षी वेगळी असल्याने एकच जात दोन जातींसारखी भासते.

पतंगाच्या सोंडेचे टोक कठीण व काटेरी असते. तिने सालीला पाडलेले छिद्र टाचणीएवढेच असते, पण त्यातून बुरशी व जिवाणू शिरतात, भोवतालचा भाग मऊ पडतो आणि फळ गळते. दिवसा पतंग बागेबाहेर दडून राहतो, म्हणून दिवसाच्या फवारणीत तो सापडत नाही. सायंकाळी धूर करणे आणि गळलेली फळे गोळा करून नष्ट करणे अधिक उपयोगाचे ठरते. बांधावरची गुळवेल उपटून टाकण्याचीही शिफारस केली जाते, पण पतंग दुरूनही उडत येत असल्यामुळे अशी औषधी वेल सरसकट काढणे मला पटत नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात वेलीची पाने उलटून पाहावीत आणि अळ्या वेचून घ्याव्यात.