दूध पुरतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"दूध पुरतंय काय गे?"

गेल्या पाच महिन्यांत हा प्रश्न मला कुणी कुणी विचारला नाही, एवढंच सांगणं सोपं. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी विचारला. बारशाला आलेल्या झाडून सगळ्या बायकांनी घुगऱ्या खाता खाता विचारला. बेळगावच्या गणपत गल्लीत कोथिंबीर विकणाऱ्या आजींनी जुडी पिशवीत टाकता टाकता विचारला. आमच्या शेजारच्या कानडी अक्का तर दारात उभ्या राहून "हालु साका?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता डब्यातून अंटिन उंडी, म्हणजे डिंकाचा लाडू, काढून हातावर ठेवतात. परवा नणंदेच्या मैत्रिणीचा फोन आला. तिनंही तेच विचारलं, पण तिचं स्वतःचं बाळ तीन आठवड्यांचं आहे, आणि माझ्या दुधाची चौकशी करता करता तिला तिच्या दुधाचं विचारायचं होतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर: पुरतं. पण ते मला छातीकडे बघून कळलेलं नाही. ते लंगोटावरून कळलं.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस फार फसवे असतात. येतो तो चीक, पिवळसर, दाट आणि अगदी थोडा. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्यानं काय होणार? पहिल्या दिवशीच्या मुलाला एका वेळी चमचा-दीड चमचा पुरतो, हे त्या खोलीत फक्त नर्सला माहीत असतं. खरं दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, सिझेरियन असेल तर कधी थोडा उशीरही होतो. तेवढ्यात बाळाचं वजन उतरतं. तीन किलोचं मूल दोनशे-तीनशे ग्रॅमनं कमी भरलं तर डॉक्टर घाबरत नाहीत, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं की झालं. पण बघायला आलेली आत्या "वाळलं गे पोरगं" म्हणून जाते, आणि ते वाक्य रात्रभर डोक्यात राहतं.

माझं बाळंतपण माहेरी, खानापूर तालुक्यात. महिना जून. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही, भिंतींना ओल येते, डब्यातलं मीठ पाझरतं. त्यात आमच्याकडे लंगोट जुन्या सुती साड्यांचे. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर लंगोट, दुपटी, टोपडी, सगळं दमट. आजी शेगडीत निखारे घालायची, राख सारखी करून वर बांबूची बुट्टी पालथी ठेवायची आणि त्या बुट्टीवर एकेक लंगोट पसरायची. वाफ निघायला लागली की उलटायची. हात लावून बघायची, गालाला लावून बघायची, आणि गालाला गार लागला तर परत बुट्टीवर. मी म्हणायची, आजी डायपर आणू या की. त्यावर आजी, "मी वाळवतो, तू झोप जा."

दवाखान्यातून सोडताना नर्सनं एकच हिशेब सांगितला होता: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवीनं चांगला ओला झालेला लंगोट निघाला पाहिजे, आणि लघवी पाण्यासारखी पाहिजे, गडद पिवळी नको. शी पहिल्यांदा डांबरासारखी काळी, ती पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. आजीला सहा-आठ मोजत बसायची गरज नव्हती. बुट्टीवर चार लंगोट मावायचे. दिवसात बुट्टीच्या दोन पाळ्या झाल्या की ती आईला स्वयंपाकघरात ओरडून सांगायची, "पितंय गे पोर बक्कळ." बाहेरून कुणी "दूध पुरतं का" म्हणत आलं की आजी बोलायची नाही, नुसती दोरीकडे हात करायची.

डायपरमध्ये हे कळत नाही, ही माझी डायपरविरुद्धची एकमेव तक्रार. चार वेळची लघवी तो गपचूप पिऊन बसतो, आणि आपण हातात घेऊन वजनाचा अंदाज करत राहतो. रात्री आणि प्रवासाला मीही डायपरच वापरते, शहापूरला सासरी आल्यापासून तर जास्तच. पण पहिल्या महिन्यात, दूध पुरतं की नाही ही धास्ती असताना, दिवसा तरी कापड बरं.

दुसरी खूण वजनाची. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण पंचवीस-तीस ग्रॅम वाढ म्हणजे चांगली वाढ. हे रोज घरच्या काट्यावर बघायचं नसतं, वेड लागेल. अंगणवाडीत झोळीचा काटा असतो. झोळीत घातलं की आमचं कार्टं आधी हातपाय पसरतं, मग भोकाड पसरतं, आणि काट्याची सुई नाचते ती थांबेपर्यंत बाई हसत उभ्या. मग तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदीच्या कार्डावर, टिंब. कार्ड कानडीत. मला कानडी बसची पाटी वाचण्यापुरतं येतं, पण मागच्या टिंबापेक्षा पुढचं टिंब वर आहे की नाही हे बघायला तेवढंही लागत नाही.

तिसरी खूण बारीक आहे. बाळ पीत असताना हनुवटीकडे बघा. नुसतं चोखत असेल तर हनुवटी भराभर हलते. दूध तोंडात आलं की हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून "कह" असा हलका आवाज येतो. तो थांबा म्हणजे घोट. तोंडात नुसती बोंडी असेल तर हा थांबा येत नाही, आईला दुखतं, चिरा पडतात, आणि तासभर पाजूनही मूल उपाशीच. भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. "मला दूधच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं दुखणं एवढंच असतं, आणि ते जाणत्या नर्सनं शेजारी बसून एकदा दाखवलं तर सुटतं.

आता संध्याकाळ. खरं रणांगण ते. दिवेलागणीला आमचं बाळ रडायला लागायचं, पाजलं की दहा मिनिटं गप्प, परत पिरपिर, परत पाजा, असं रात्री दहापर्यंत. शेजारून आवाज: "कशाला रडूलाय गे? पोट भरंना झालंय वाटतं." आई म्हणायची दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकायची. दृष्ट काढण्याला माझा काही विरोध नाही. पाच मिनिटं बाळ दुसऱ्याच्या हातात असतं, आणि मिरचीचा ठसका लागला नाही तर ते बघत बसतं. पण दृष्ट नव्हती आणि उपासमारही नव्हती. कोवळी मुलं संध्याकाळी अशीच लागोपाठ पितात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दीड महिन्याला, तीन महिन्यांना भूक एकदम वाढते आणि ती दोन-तीन दिवस अंगावरून हलत नाहीत. रडणंही साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं, मग उतरतं. तेव्हाच दीड महिन्याची इंजेक्शनं येतात, त्या रात्री थोडा ताप, आणि मूल आईला घट्ट चिकटून. आणि नेमक्या याच सुमाराला आईची छाती पहिल्यासारखी दगड व्हायची थांबते, मऊ पडते. सगळ्या बाजूंनी पुरावा जमतो की दूध आटलं. आटलेलं नसतं, मागणीप्रमाणे बनायला लागलेलं असतं.

याच ठिकाणी दुधाच्या पावडरीचा डबा घरात येतो. आमच्याकडे निपाणीच्या मामी घेऊन आल्या, अगदी मायेनं. या पावडरींची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आईचं दूधच बाळासाठी सर्वांत चांगलं, हे डब्यावर छापावं लागतं. जाहिरात नसली तरी "दूध पुरतं का" हा प्रश्न तिचं काम चोख करतो. बाई घाबरते. रात्री एक बाटली देते. बाळ पोट भरून चार तास झोपतं, सगळे म्हणतात बघ, भूकच होती. पण त्या चार तासांत छातीतून दूध निघालेलं नसतं, आणि निघालं नाही की पुढचं कमी बनतं. दुसऱ्या रात्री दोन बाटल्या. महिन्याभरात प्रश्न विचारणाऱ्यांचं खरं ठरतं. आमचा डबा न उघडताच मामींबरोबर परत गेला. मामी जरा फुगल्या, पण बारशाला आल्या.

वाढवायचं असेल तर पाजायचं, हाच उपाय. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, आणि रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. माझ्या नवऱ्यानं रात्रीचं लंगोट बदलणं आणि ढेकर काढणं स्वतःकडे घेतलं. ढेकर काढण्यात तर त्याचा हात कुणी धरणार नाही. पाजण्याचं काम वाटून घेता येत नाही, बाकीचं येतं.

मग हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, लसणाची चटणी, खसखस? खा. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा पाच-सहाशे कॅलरी जास्त लागतात, आणि तिच्या तोंडासमोर कुणी आयतं काही आणून ठेवलं तर नाही म्हणू नये. फक्त लाडवानं दूध वाढलं असं लाडवाला श्रेय देऊ नका. एका काकांनी "दुधानं दूध वाढतं" म्हणत कुंद्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा, अख्खा बॉक्स आणला. दुधाचं मला सांगता येत नाही, वजन माझं वाढलं.

बाळाला मात्र सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणीसुद्धा नाही, आईच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू. मध चाटवायला आलेल्यांना मी सरळ हात जोडले, वर्षाच्या आत मधातून बाळाला बोटुलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते. घुटीचं जरा जड गेलं. सहाण, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, सगळं आजीनं बाळंतपणाआधीच पितळी डब्यात भरून ठेवलं होतं. पण जायफळानं मूल सुस्तावतं हे तीच सांगायची, आणि सुस्तावलेलं मूल कमी पितं हे तिला मी सांगायची गरज पडली नाही. डबा फळीवर गेला. "सहा महिन्यांनी बघतो," म्हणाली.

आता, कधीकधी दूध खरंच पुरत नाही, हेही तितकंच खरं. लंगोट कोरडे निघतायत, लघवी गडद आहे, मूल प्यायलाही उठत नाही इतकं मलूल आहे, दोन आठवडे होऊनही जन्माच्या वजनावर आलेलं नाही, यातलं एकही दिसलं तर शेजारणीला न विचारता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, थायरॉईडचा त्रास असेल, छातीची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर दूध कमी असू शकतं. मग डॉक्टर सांगतील ते वरचं दूध द्यायचं आणि मान खाली घालायची नाही. अशा बाईला हा प्रश्न किती लागत असेल याचा विचार विचारणाऱ्यांनी एकदा करावा. माझं पुरत होतं, तरी मला लागायचा.

हल्ली माझ्यापुरता प्रश्न बदललाय. बाळ पाचव्या महिन्यात आहे, आणि आता सगळे विचारतात, "वरचं काही चालू केलंस काय?" डिसेंबरात सहा महिने पुरे होतील, मग नाचणीची पेज, वरणभात. त्याच सुमाराला माझी सव्वीस आठवड्यांची रजाही संपते, तेव्हा पुढं काय काय विचारतील ते बघू.

नणंदेच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं ते असं. तुझा तिसरा आठवडा आहे, हे दोन-तीन दिवस बाळ तुला सोडणार नाही, तूही दुसरं काही काम काढू नकोस. उद्या दिवसभर डायपर नको, कापड लाव आणि किती ओले होतात ते बघ. परवा वजन कर. आणि "पुरतंय काय" म्हणत जो कोणी येईल त्याच्या मांडीवर बाळ दे, लंगोट त्यालाच बदलू दे, तेवढ्यात तू गरम गरम जेवून घे.