चिकटवलेल्या नोटा

बर्लिनमध्ये मराठी ग्रुपना शहर दाखवणं हे माझं काम. जुन्या टेम्पलहोफ विमानतळासमोर हवाई पुलाचं स्मारक आहे. रशियनांनी वाटा अडवल्यावर पश्चिम बर्लिनला विमानांनी माल पुरवला, तो हा हवाई पूल. त्याला टूरवाले जेमतेम पंधरा मिनिटं देतात आणि चेकपॉइंट चार्ली या भिंतीच्या काळातल्या नाक्याजवळच्या खरेदीला तासभर. याची मला चीड येते. १९४८चं भांडण कळल्याशिवाय पुढची भिंत कळत नाही.

परवा पुण्याहून ज्येष्ठांचा ग्रुप होता. सगळ्यांना विमानांचं ऐकायचं असतं. मी आधी एका नोटेचा फोटो फिरवते. महायुद्धानंतर जर्मनी आणि बर्लिन दोन्ही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने वाटून घेतले होते. जून १९४८मध्ये पहिल्या तिघांनी जर्मनीतल्या आपापल्या भागांत मार्क हे नवं चलन आणलं. तिथे रद्दी झालेल्या जुन्या नोटा आता आपल्याकडे लोटणार, ही रशियनांची धास्ती. त्यांच्या नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून जुन्यांवरच तिकिटाएवढी कुपनं चिकटवली. बर्लिन रशियन भागात १६० किलोमीटर आत, पण शहराचे वाटेकरी चार. इथे नोट कोणाची चालणार? २४ जूनला रशियनांनी पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. विमानांच्या तीन मार्गांचा करार १९४५मध्ये लेखी झाला होता, रस्त्यांचा तसा कागदच नव्हता. म्हणून मग सगळं विमानाने. त्यात निम्म्याहून जास्त वजन कोळशाचं! मीठ साध्या विमानांना गंज चढवतं, म्हणून ते सुरुवातीला हाफेल नदीवर उतरणाऱ्या विमानांतून आणलं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ कुपनाची कड बघत होते. म्हणाले, "अशी नोट मी काउंटरवर घेतली नसती. ताई, नोट ज्याची, राज्य त्याचं. दोघांनाही माघार घेणं शक्य नव्हतं."

इतकं नेमकं सहसा कोणी बोलत नाही. पण काकूंचं समाधान झालं नव्हतं. "पूर्वेकडे नाव नोंदवलं तर रशियन रेशन देत होते म्हणालीस ना? मग लोक गेले का नाहीत?"

फार थोडे गेले. मी १९४५च्या रशियन सैन्याचं सांगितलं, बायकांनी काय सोसलं तेही. आणि हेही सांगितलं की शहर नुसत्या विमानांवर जगलं नाही. लोक आसपासच्या खेड्यांतून पिशव्या भरून बटाटे आणत, काळाबाजारही जोरात होता.

"म्हणजे तिकडचा बटाटा चालत होता," काकू म्हणाल्या, "तिकडच्या रजिस्टरात नाव नको होतं."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नोटेचा फोटो माझ्याकडे आहेच. आता त्या काळातलं एखादं रेशनकार्ड शोधते आहे, पुढच्या ग्रुपला दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला.