'नेग' म्हणजे काय ओ बाई?

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गात बसलं की यंत्रमागांची खटखट ऐकू येतच असते. माझ्या चौथीतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. शाळेत मराठी, आणि राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तेही.

त्या दिवशी टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. शेजारी उकडलेलं अंडं, कांदा, लिंबू. मोबाइलवर एक वाक्य लावलं : 'पुट ॲन एग इन द बॉक्स.' ऐकायचं आणि करायचं, एवढंच.

कुणी हललं नाही. पुन्हा लावलं, तरी तसंच. मग जिचं एकही स्पेलिंग चुकत नाही, ती मुलगी उठली. "ओ बाई, नेग म्हणजे काय?"

मला आधी कळेचना. मोबाइल कानाशी धरला, आणि खरंच, 'पुटॅनेग' असंच ऐकू येत होतं. 'ॲन'मधला न एगला जाऊन चिकटलेला. 'ई जी जी एग, एग म्हणजे अंडं' हे या मुलांनी शंभर वेळा घोकलंय. ऐकलेलं नीट समजायला शंभरातले साधारण 95 शब्द ओळखीचे लागतात, असं अभ्यासक म्हणतात. इथे सहाच्या सहा ओळखीचे होते, पण फळ्यावर लिहिलेले. कानाला त्यातला एकही ओळखू आला नव्हता. मी तीन वर्षं शब्द नुसते डोळ्यांना शिकवले होते, हे मला फार लागलं.

हीच मुलगी पहिलीत आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आई घरी विड्या वळते, घरात सगळं तेलुगू. 'दप्तर उचला' म्हटलं की ती आधी शेजारणीकडे बघायची, मग उचलायची. कित्येक महिने गप्प होती. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली आणि या बाईसाहेब मराठीत भांडायलाच लागल्या! तेव्हा तिला कुणी एक शब्दही घोकायला लावला नव्हता.

मी फळा पुसला. मोबाइल ठेवून दिला. वाक्य नेहमीच्या वेगात म्हणायचं आणि म्हणता म्हणता अंडं खोक्यात ठेवायचं, असं तीन-चारदा केलं. मागून एकजण ओरडला, "गुड्डू!" तेलुगूत अंड्याला हेच म्हणतात. लिंबाला अडचण आलीच नाही. 'अ लेमन'मध्ये चिकटायला न नाही. कांद्याला पुन्हा सगळे थबकले. ती मात्र ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली, 'अनन्यन, अनन्यन', आणि एकदम कांदा उचलून खोक्यात टाकला. "नन्यन नाही ओ बाई, अनियन हाय ते!"

'पिकिटप', म्हणजे 'पिक इट अप', उचल ते, अजून कुणालाच सुटलेलं नाही. उद्या वर्गात शिरताना खडू मुद्दाम खाली पाडणार आहे.