दादरचा दाणा आणि परातीएवढा सूर्य

मुलगी सहावीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने सूर्यमालेचं मॉडेल करायचं ठरवलं. अमळनेरच्या बाजारातून थर्माकोलचे गोळे आणले, रंग आणले, आणि पहिल्याच दिवशी शनीवर स्प्रे मारला तर गोळा डोळ्यांदेखत खचत गेला, वरून पार चाळणी. पोरगी रडायलाच लागली. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतो, त्याला पाण्यातले रंगच लावायचे असतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पण खरी अडचण नंतर कळली. सुट्टीला आलेला भाचा, तिसरीतला, पुठ्ठ्यावर मांडलेले गोळे बघून विचारतो, मावशी, गुरू सूर्याला इतका चिकटून असतो का? आणि मला वाटलं अरे, आपण तर पोरांना चुकीचंच शिकवतोय. मग पुठ्ठा ठेवला बाजूला आणि वही घेऊन बसलो.

पृथ्वीचा व्यास साधारण १२,७४२ किमी, सूर्य तिच्या १०९ पट रुंद. सासूबाईंनी डब्यातून दादरचा, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचा, टपोरा दाणा काढून दिला, तो भरला ४ मिलिमीटर. म्हणजे सूर्य ४४ सेंटिमीटरचा पाहिजे, तर घरातली कणीक मळायची परात बरोबर तेवढीच निघाली! शुक्राला पण दादरचाच दाणा, मंगळाला बाजरी, बुधाला मोहरी, गुरूला लिंबू, शनीला जरा लहान लिंबू आणि त्याला पुठ्ठ्याची साडेआठ सेंटिमीटरची कडी. युरेनस-नेपच्यूनला दोन गावठी बोरं, जानेवारीत बोरांना काय तोटा. चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा, पृथ्वीपासून १२ सेंटिमीटरवर चिकटवला. सासूबाई म्हणाल्या नवग्रहात तर राहू-केतू असतात, ते कुठंयत, आणि हे युरेनस-नेपच्यून कुठले? मग पोरीनेच समजावलं की युरेनस १७८१ ला आणि नेपच्यून १८४६ ला दुर्बिणीतून सापडले, आधी ते कुणाला माहीतच नव्हते.

रविवारी सकाळी परात गावाच्या वेशीजवळ बाभळीला टेकवून उभी केली आणि फाट्याच्या सरळ रस्त्याने दोर घेऊन मोजत निघालो. बुध १८ मीटरवर, शुक्र ३४, पृथ्वी ४७, मंगळ ७२. तिथपर्यंत पोरं उड्या मारत होती. मग मंगळापासून गुरूपर्यंत नुसतं चालणं, दोन्ही बाजूला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, गुरू आला २४४ मीटरवर. पुढं दोर पुरेना म्हणून मोटरसायकलच्या मीटरवर मोजलं, शनी साडेचारशे मीटर, युरेनस नऊशे. भाचा दमला, "मावशी, आखो कितलं चालनं शे?" नेपच्यून पार फाट्यावर, साधारण १४१० मीटर, आणि तिथून वळून बघितलं तर परात कुठंय तेच कळेना, उन्हात एकदा चमकली तेवढीच. पोरगी गप्प उभी राहिली हातात बोर धरून. मलाही भरून आलं, खरं सांगते, इतक्या मोकळ्या जागेत आपण त्या एका दाण्यावर राहतो.

प्रकाशाचं पण तिथंच सांगितलं. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सव्वाआठ मिनिटं लागतात, म्हणजे आमच्या मापात सेकंदाला जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, पोरं चालत त्याच्या कितीतरी पुढे गेली होती! आणि सगळ्यात जवळचा पुढचा तारा या मापात साधारण १२,६०० किमीवर येतो, तो तर अमेरिकेत जाऊन ठेवावा लागेल.

परत येताना पृथ्वीच्या जागी थांबलो. तिथून परात आपल्याला आकाशात सूर्य दिसतो तेवढीच दिसते, हात लांब करून करंगळी धरली की झाकली जाते. (खऱ्या सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे दोघांना दहा वेळा बजावलं.) चंद्रही आकाशात जवळपास तेवढाच दिसतो. शाळेत आम्ही परात, कार्डांवर चिकटवलेले दाणे आणि अंतरांचा तक्ता नेला, बाईंनी मग अख्ख्या वर्गाला ग्राउंडवर मंगळापर्यंत चालवलं.

भाचा मात्र त्याच रविवारी रात्री जेवण सोडून गच्चीवर पळाला. पौर्णिमेचा चंद्र वर आला होता, आणि हा एक डोळा मिटून, हात ताणून, करंगळी आकाशात धरून उभा.