फिल्टर कॉफीचं दुकान कसं पारखावं

माटुंगा असो की म्हैसूर, फिल्टर कॉफीच्या दुकानात शिरताना आधी नाक कामाला लावावं. ताज्या दळलेल्या पुडीचा वास दारातच आला पाहिजे.

खरी परीक्षा डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून गळलेल्या दाट काळ्या अर्काची. फिल्टरच्या वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पूड घालून चकतीने हलकेच दाबायची आणि उकळी बसलेलं १५० मिली पाणी हळूहळू ओतायचं. थेंब थेंब गळायला १५-२० मिनिटं तरी लागतात. पूड फार दाबली तर पाणी अडतं; सैल राहिली तर भसकन खाली जातं आणि कॉफी पांचट होते. चिकोरी, म्हणजे पुडीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची भुकटी, थोडी असावी, तिने दाटपणा येतो. जास्त झाली की कॉफीची चवच दबते.

सकाळचं डिकॉक्शन दुपारी पुन्हा गॅसवर चढवणारं दुकान टाळावंच. उकळलं की सुगंध उडतो, कडवटपणा राहतो. तापवायचं ते दूध, डिकॉक्शनच्या एका भागाला तीन भाग, नुकतंच वर येऊ लागलेलं. सारखं आटवलेलं दूध कॉफीवर कुरघोडी करतं.

स्टीलचा गार पेला कॉफी लगेच निववतो. तो गरम पाण्याने विसळून घेणारा हात दिसला, तर तिथे निर्धास्त बसा.