फी कुणी वाढवली? सगळे म्हणतात, वसंतदादांनी

दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, राउंड सुरू झाले की टीव्हीवर तोच खेळ चालू होतो. सत्तेतला म्हणतो शिक्षणाचा धंदा काँग्रेसवाल्यांनी केला, शिक्षणसम्राट सगळे तुमचेच. समोरचा म्हणतो आम्ही कॉलेजं काढली म्हणून खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली, फी तर तुमच्या काळात वाढली. मग कुणीतरी माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं नाव काढतं आणि भांडण मिटतं. दादा 1989 ला गेले, उत्तर द्यायला येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचीच सोय.

मला दादांची वकिली करायची नाही, पण 1983 ला त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा परिस्थिती काय होती हे एकदा आठवून बघा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, मग कराड, औरंगाबाद, अमरावती, नांदेड अशी मोजकी नावं. तिथे नंबर नाही लागला की ज्याच्या बापाकडे पैसा तो पोराला कर्नाटकात पाठवायचा, तिथे डोनेशन भरायचा, आणि ज्याच्याकडे नाही तो बीएस्सी करून बँकेच्या परीक्षा द्यायचा. स्वतः फारसं न शिकलेल्या माणसाने हे दार उघडलं आणि सरकारी तिजोरीतून एक रुपया न घालता उघडलं, इथेच खरी गोम आहे. शिक्षण वाढवायचं पण खर्च सरकारने करायचा नाही, तो पालकांनी करायचा. हा हिशोब तेव्हा ठरला आणि आजपर्यंत कुठल्याही सरकारने तो मुळातून बदललेला नाही, म्हणजे कुठल्याच, रंग कुठलाही असो.

चार वर्षांनी, 1987 ला, डोनेशन बंदीचा कायदा आला. तेव्हाही सरकार काँग्रेसचंच, मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. म्हणजे काय होणार हे चार वर्षांत कळलं होतं. कायदा आला आणि पैसे घ्यायची पद्धत बदलली एवढंच, ज्यांनी त्या काळात ॲडमिशन घेतली त्यांच्या वडिलांना विचारा, बिल्डिंग फंड नावाची पावती कुणाकडे ना कुणाकडे निघेल, आणि बिनपावतीचं तर विचारूच नका.

मग कोर्ट आलं. 1993 च्या सुप्रीम कोर्टाच्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजांच्या जागांचे फ्री सीट (मेरिटवर, कमी फीची) आणि पेमेंट सीट (जास्त फीची) असे निम्मे-निम्मे भाग केले. माझ्या पिढीला हे शब्द पाठ आहेत, लग्नाच्या बायोडेटापर्यंत पोचले होते, ‘मुलगा फ्री सीटवाला’. 2002 ला टीएमए पै खटल्यात 11 न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती योजनाच मोडीत काढली आणि संस्थांना फी ठरवायचं स्वातंत्र्य दिलं, नफेखोरी आणि डोनेशन करायचं नाही या अटीवर. पुढच्याच वर्षी निवृत्त न्यायाधीशांच्या फी समित्या आल्या, 2005 ला खासगी कॉलेजांच्या प्रवेश आणि फीबद्दलचा इनामदार निकाल आला, तो खटला तर आपल्या महाराष्ट्रातलाच. आपल्या राज्याचा प्रवेश आणि फीचा सविस्तर कायदा कधी आला, 2015 ला. मधली सगळी वर्षं राज्य कुणी केलं ते मोजत बसू नका, दोन्हीकडचे बसून गेलेत.

आणि संस्थाचालक एकाच पक्षात असतात हे आता कुणी सांगू नये. पतंगराव कदम, डी. वाय. पाटील ही नावं काँग्रेसची म्हणून घ्यायची सवय झालीय, पण 2014 पासून जी पक्षांतरं झाली त्यात माणसाबरोबर त्याचं कॉलेजांचं जाळंही इकडून तिकडे गेलं. राधाकृष्ण विखे पाटील 2019 ला भाजपमध्ये गेले, त्यांच्या घराण्याच्या प्रवरा संस्थेची कॉलेजं लोणीलाच आहेत. मी त्या संस्थांना नावं ठेवत नाहीये, बऱ्याच ठिकाणी शिक्षण चांगलं मिळतं. मुद्दा एवढाच की फी ठरवण्याचा कायदा जिथे होतो त्या सभागृहात, दोन्ही बाकांवर, फी घेणारे बसलेत. आणि संस्था ट्रस्टची असते, ट्रस्टीची खासगी मालमत्ता नसते, त्यामुळे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात बंगला, गाडी, सोनं सगळं दिसतं पण ज्याच्यावर अख्खं राजकारण चालतं ते कॉलेज मालमत्तेत दिसत नाही.

आता फी माफीबद्दल. 2016 ला मराठा मोर्चे निघाले आणि फडणवीस सरकारने ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीची उत्पन्न मर्यादा 6 लाखांवर नेली, नंतर ती 8 लाख झाली. 2024 ला विधानसभेच्या तोंडावर शिंदे सरकारने जीआर काढला, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. चांगला निर्णय आहे, मनापासून म्हणतो, पण पैसा जातो कुठे बघा. सरकार ही फी भरतं ती बहुतेक खासगी कॉलेजांसाठी. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून खासगीला दार उघडलं आणि आज त्याच खासगी कॉलेजची फी सरकार भरतंय, तीही नुसती फी, त्यातून सरकारचं स्वतःचं कॉलेज उभं राहत नाही, प्राध्यापकाची पक्की नोकरी तयार होत नाही, तो बिचारा तासिका तत्त्वावरच. 1983 नंतर राज्याने स्वतःची नवी इंजिनिअरिंग कॉलेजं किती काढली, जळगाव, चंद्रपूर, अवसरी, नागपूर, यवतमाळ... बोटांवर संपतात. खासगी शेकड्यांनी झाली.

आणि माफीतलं बारीक अक्षर वेगळंच. माझ्या मावसभावाच्या पोरीला गेल्या वर्षी कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली, कॅपमधून, सगळं रीतसर. मावसभाऊ खूष, फी माफ म्हणून त्याने गावात पेढे पण वाटले. कॉलेजात गेल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला आधी थोडी रक्कम भरा, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे आले की परत देऊ. शिवाय डेव्हलपमेंट फी माफीत बसत नाही, होस्टेल नाही, मेस नाही, बस नाही. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भरले. मी म्हटलं तक्रार कर, तर म्हणाला दादा, पोरगी चार वर्षं तिथेच शिकायचीय ना. यावर मला काही बोलता आलं नाही. कॉलेजवाले म्हणतात शासनाकडे आमची थकबाकी आहे, शासन म्हणतं कागदपत्रं अपुरी आहेत. दोन्ही खरंच असेल बहुतेक.

मेडिकलचं तर बोलायलाच नको, अभिमत विद्यापीठात एमबीबीएसची फी वर्षाला 20 लाखांच्या वर जाते, आणि ही विद्यापीठं राज्याच्या फी प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यातल्या त्यात एक बरं झालं, ऑक्टोबर 2024 मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा धरून 10 नवी सरकारी मेडिकल कॉलेजं एकदम सुरू केली, 900 जागा. आचारसंहितेच्या आठवडाभर आधी, पण केली. आता तिथे शिकवायला पूर्ण वेळ प्राध्यापक आणि चालू स्थितीतलं हॉस्पिटल द्यायचं काम आहे, उद्घाटनाच्या पाटीवर मावत नाही असलं.

इंजिनिअरिंगला असं का होत नाही हे मला पुढच्या डिबेटमध्ये ऐकायचंय. फी माफीसाठी वर्षाला किती रक्कम खासगी कॉलेजांकडे जाते आणि तेवढ्यात सरकारी कॉलेजच्या किती सीट वाढल्या असत्या, हा साधा प्रश्न विरोधी बाकावरच्या एकाने जरी विचारला ना, तर मी टीव्हीचा आवाज वाढवेन. पण त्याचंही कॉलेज आहे.