तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत न आलेली बाजू

“जुन्या फोटोंवरून आमच्या वाड्याची मागची बाजू दाखवता येईल का हो?” फोटोंवरून एखाद्या जागेचं नवं दृश्य उभं करणं हे माझं काम; ते कळलं की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही. आता एकदाच सांगतो.

थोडं सरकून काढलेल्या दोन फोटोंत जवळचा खांब जास्त सरकतो, मागची भिंत कमी. कुठली वस्तू किती लांब, हे त्या फरकातूनच कळतं. १९९६ साली लेव्हॉय आणि हॅनरहान या संशोधकांनी वस्तूंच्या आकाराचा हिशेबच न मांडता, ढीगभर फोटोंतले प्रकाशकिरण निवडून नवं दृश्य काढलं. २०२० मध्ये ‘नर्फ’ नावाच्या पद्धतीने नवं दृश्य काढायचं काम न्यूरल नेटवर्कला, म्हणजे फोटोंवरून शिकणाऱ्या एआयला दिलं; २०२३ पासून आलेल्या पद्धतीत दृश्य लाखो धूसर ठिपक्यांनी रचतात. फोटो मात्र अजूनही चहूबाजूंनी लागतात.

तरी पुण्यातल्या एका काकांना नाही म्हणणं जमलं नाही. वाडा पडून तिथे सोसायटी झालेली. हाती फक्त बहिणीच्या लग्नाचे फोटो, तेही सगळे दिंडीदरवाजातून काढलेले. फोटोग्राफर जागचा हललाच नव्हता. फोटो एकमेकांशी जुळवायला सॉफ्टवेअरला खुणा सापडल्या त्या शालूंच्या काठांवर, आणि माणसं तर प्रत्येक फोटोत वेगळीकडे.

म्हटलं, “एआयकडून भरून देतो, पण ते खरं नसेल.”

“द्या हो.”

मशीनने माजघराला गजांची खिडकी काढली. काका बघतच राहिले. “इथेच बसायची आई, गहू निवडायला.” मी पुन्हा बजावलं, खिडकी मशीनची आहे. “असू दे.” बहिणीने फोनवर ठणकावलं, “माजघराला खिडकी होतीच कुठे? अंधार असायचा म्हणून तर आई ओसरीवर बसायची!” काकांनी प्रिंट फ्रेम करून घेतली. खाली मी ‘काल्पनिक’ असं छापलं होतं, ते फ्रेमच्या पट्टीखाली गेलं. आता नातवंडं वाड्याचं वर्णन खिडकीसकट करतात.

यात मी काय करायला हवं होतं? सांगायचं ते दोनदा सांगितलं. पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचो, फोटोत नाही ते दाखवणं म्हणजे थाप. पण दोन फोटोंच्या मधली जागा नर्फसुद्धा अंदाजानेच भरतो. तिथे निदान दोन्हीकडून पुरावा असतो, असं मी स्वतःला पटवतो. मग एकाच बाजूने असेल तर? कितपत चालेल? एखाद्या हाताभर भिंतीपुरतं?

तर हो, दाखवता येईल. फक्त वाडा आठवणारं आणखी कुणी घरात असेल, तर त्यांनाही सोबत आणा.